आखजीचं पाणी

माझे बाबा जळंब स्टेशनावर सांधेवाले होते. रुळांलगतच आमचं क्वार्टर होतं. वाळत घातलेल्या कुरडयांवर कोळशाची काजळी बसायची, आणि तशाच त्या आम्ही तळून खायचो. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. नागपूरकडे फौजी गाड्या जात. ताडपत्रीखाली तोफा, मागच्या डब्यांत माणसं. पुढे कुठं, ते कोणी सांगत नसे.

माझा थोरला भाऊ शालिग्राम पलटणीत होता. जळंबवरूनच जाईन, एवढं त्यानं कळवलं होतं. म्हणून फौजी गाडी थांबली की माय पाण्याची घागर घेऊन धावायची.

चव्वेचाळीसच्या आखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मायनं रिवाजाप्रमाणे पितरांची नवी घागर भरली, वर खरबूज ठेवलं. ते पाणी पितरांचं. जित्या माणसानं त्याला तोंड लावायचं नाही.

भर दुपारी बाबांनी बाहेरून हाक दिली. “अवो, फौजी गाडी! इंजन पाणी घेऊन राह्यलं. दहा मिनिटं हायेत!”

मायनं घागर उचलली. मी मागे धावले.

तिसऱ्या डब्याच्या खिडकीत शालिग्राम होता.

“माय, लय तहान लागली.”

“काऊन बे, सरकार पाणी पाजत नाही काय तुले?” माय हसत होती, रडत होती, ओतत होती.

तो गटागटा प्याला. मग बाकीच्या खिडक्यांतून पत्र्याचे पेले पुढे आले. एरवी फौजी मला चिडवायचे, गाणी म्हणायचे. या डब्यात कोणी बोलत नव्हतं. डब्याचं लोखंड उन्हानं पोळत होतं, पण शालिग्रामचा पेला धरला तर माझी बोटं गारठली.

सगळा डबा पाणी प्याला. घागर एकच होती.

“परत कवा येशीन?” मायनं विचारलं.

त्यानं घागरीकडे पाहिलं. “आता दरसाल येतो, माय. आखजीले.”

गाडी हलली.

“दरसाल सुट्टी देतात म्हणते!” माय घरापर्यंत हेच बोलत आली. उंबऱ्यात ती थांबली. खरबूज जमिनीवर घरंगळलेलं होतं. पिण्याच्या पाण्याची घागर तिवईवर भरलेलीच होती.

ती स्टेशनाकडे पळत सुटली. “गाडी थांबवा हो!”

बाबांच्या काखेत हिरवी झेंडी होती. “फौजी गाडी माह्याच्यानं थांबते काय?”

वर्षभर ना पत्र आलं, ना तार.

पुढच्या आखजीला माय म्हणाली, “माहा लेक जिता हाय. मी घागर भरत नाही.”

दुपारी रूळ रिकामे होते.

अंगणात पत्र्याचा पेला वाजला.

नंतर दुसरा. नंतर पुष्कळ.

कोणी उठलं नाही. माय बाबांकडे पाहत राहिली.

बाबांनी मान खाली घातली.

“भर,” ते म्हणाले.