साहेबांच्या छातीतल्या चकत्या

“आधी चोर शोधायचा की आधी चोरी?” टोळने विचारलं.

“चोर सापडलाय,” शंका म्हणाली. “मॅनेजरसाहेबांनी सकाळी चहा पिता पिता शोधला. मावशी! आता राहिली फक्त चोरी. ती आपण शोधायची.”

“आणि नाहीच सापडली तर?”

“तर मावशीची नोकरी जाणार, ही खोली जाणार आणि उद्या उद्घाटन झालं की पोलीस येणार. उद्घाटनाआधी नाही येणार. पाहुण्यांना बरं दिसत नाही!”

सुट्टीतला बेत म्हणून हे काही फारसं झकास नव्हतं. पण ही तीन भावंडं सुट्टीकडून मोठ्या अपेक्षा ठेवायला शिकलीच नव्हती. त्यांची मावशी एका करमणूक-बागेत कामाला होती आणि बागेच्या मागच्या कर्मचारी-खोल्यांत राहायची. ‘थोर नेत्यांचं दालन’ नावाच्या खेळातले हलते-बोलते पुतळे दुरुस्त करायचं तिचं काम. इतर मुलं सुट्टीत आकाशपाळण्यात बसायची. ही तिघं थोर माणसांच्या गुडघ्यांना तेल घालायची.

शंका सगळ्यात मोठी. तिला स्वतःच्या जन्मतारखेबद्दलही शंका होती, म्हणून हे नाव. टोळ मधला, त्याचं सगळं जेवण पायांत जायचं. आणि खारूताई धाकटी. ती कुठेतरी कोपऱ्यात बसून काहीबाही कुरतडत असायची आणि सगळ्यांना वाटायचं, हिचं लक्ष नाही.

दालनात नेते ओळीने खुर्च्यांवर बसलेले असायचे. ज्याच्यावर दिवा पडेल तो उठायचा, आपण किती थोर होतो ते सांगायचा आणि बसायचा. मिशीवाले साहेब एक मोठं युद्ध जिंकल्याचं सांगायचे. त्यांच्या शेजारचे टोपीवाले साहेब तेच युद्ध आपण मिशीवाल्यांविरुद्ध जिंकल्याचं सांगायचे. प्रेक्षक दोघांनाही टाळ्या वाजवायचे.

शेवटच्या खुर्चीवर होत्या कंदीलबाई. त्यांच्या कारकिर्दीत एक धरण फुटलं होतं, आणि बुडालेल्या वस्तीतून त्या कंदील घेऊन रात्रभर फिरल्या होत्या. दालनात त्या उठायच्या, डावा हात उंच करून कंदील धरायच्या, एकदा इकडे, एकदा तिकडे बघायच्या. मग म्हणायच्या, “धरणाला भेग पडली आहे, हे मला सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. चूक माझी.” आणि उजवा हात छातीवर ठेवून मान खाली घालायच्या. ती मान इतका वेळ खाली राहायची, की नवीन प्रेक्षकांना वाटायचं, यंत्र बिघडलं.

यंत्र ठणठणीत होतं. त्या तेवढा वेळ खाली बघायच्या, एवढंच.

आता दालन अद्ययावत होणार होतं. सध्याच्या नव्या साहेबांचा पुतळा येणार होता. “खेळ कसा, सकारात्मक हवा!” असं मॅनेजरसाहेब महिनाभर म्हणत होते. आणि उद्घाटनाच्या आदल्या सकाळी बोभाटा झाला, की तेलपाण्यासाठी दुरुस्तीखोलीत आणलेल्या कंदीलबाई नाहीशा झाल्या! खोलीच्या किल्ल्या दोनच. एक मॅनेजरसाहेबांकडे, एक मावशीकडे. मॅनेजरसाहेबांवर मॅनेजरसाहेबांचा पूर्ण विश्वास होता. राहिली मावशी!

मावशीला दालनात पाऊल टाकायला बंदी झाली. ती खोलीत खाटेवर बसली होती आणि रिकाम्या हातांकडे बघत होती.

“मावशी, तू काही बोलली का नाहीस?” टोळने विचारलं.

“बोलले की. ‘मी नाही नेला’ म्हटलं. ते म्हणाले, चोर असंच म्हणतात. त्यावर काय बोलायचं, सांग? चोर काय म्हणत नाहीत, ते मला कुठे माहितीये!”

* * *

दुरुस्तीखोलीच्या खिडकीचा गज एका बाजूने सैल होता. टोळ आधी पाय, मग उरलेला टोळ, अशा क्रमाने आत गेला. मागून दोघी बहिणी.

खोलीत नेत्यांचे जुने हात, एक जास्तीचं नाक, तेलाचे डबे. आणि खुंटीवर...

“अगं, हा तर कंदीलबाईंचा झगा!” टोळ ओरडला.

“हळू!” शंकाने त्याला चिमटा काढला. “शाल पण आहे. केस पण. आणि कंदीलसुद्धा! म्हणजे चोराने माणूसभर उंचीचा पुतळा उचलला, पण त्याआधी त्याचे कपडे काढून नीट खुंटीला अडकवले?”

“सभ्य चोर असेल.”

“तुझ्यापेक्षा सभ्य. तू दप्तर तरी अडकवतोस का?”

तेवढ्यात पलीकडे दालनात भोंगा वाजला. नव्या साहेबांची रंगीत तालीम सुरू होत होती! तिघं मागच्या दाराने आत शिरली आणि शेवटच्या रांगेत खुर्च्यांमागे दडली. मंचासमोर मॅनेजरसाहेब होते आणि त्यांच्या बाजूला सजावटवाला. पडदे, रंग, फुगे आणि आता थोर पुरुष हे सगळं पुरवण्याचं काम त्याचंच.

नव्या साहेबांवर दिवा पडला. काय तो कोट! काय ते हातमोजे! काय ते भरघोस केस! साहेब उठले आणि त्यांचा आवाज गरजला, “मी आलो आणि अंधार पळाला!”

पण तोंड उघडायच्या आधीच वाक्य संपलं होतं. मग आवाज थांबल्यावर तोंड उघडलं आणि उगाच दोनदा मिटलं.

“भाषण जरा मागेपुढे होतंय,” सजावटवाला म्हणाला.

“चालतं,” मॅनेजरसाहेब म्हणाले. “खरे साहेबही तसेच बोलतात.”

टोळला हसू आवरेना. त्याने खारूताईकडे बघितलं आणि त्याचं हसू थांबलं.

खारूताई खुर्च्यांमागे उभी होती. तिचा डावा हात वर होता. ती इकडे बघत होती, मग तिकडे. दर सुट्टीत, रोज, ती इथे उभी राहून कंदीलबाईंची नक्कल करायची. आताही सवयीने करत होती. आणि मंचावर नव्या साहेबांचा डावा हात वर गेला. साहेबांनी इकडे बघितलं. मग तिकडे.

“मी चुकत नाही! मी थांबत नाही!” आवाज गरजला.

खारूताईने उजवा हात छातीवर ठेवला. साहेबांनीही ठेवला. खारूताईने मान खाली घातली. साहेबांचीही मान खाली गेली आणि खालीच राहिली.

“ही कुठे त्यांची नक्कल करतेय!” शंका पुटपुटली. “तेच हिची करतायत!”

“कंदीलबाई कोटाच्या आत आहेत,” खारूताई शांतपणे म्हणाली. “मला तर लगेच कळलं.”

* * *

“मेल्यांनी चकत्या तशाच ठेवल्या!” मुलांचं ऐकून मावशी खाटेवरून ताडकन उठली.

जुन्या पुतळ्यांच्या छातीत एका दांड्यावर पत्र्याच्या चकत्या बसवलेल्या असायच्या. चकत्यांची कड उंचसखल कापलेली. चकती फिरली, की कडेचा उंचवटा एक कळ वर उचलायचा आणि हात वर जायचा. खळगा आला, की हात खाली. हात, मान, जबडा, प्रत्येकाची चकती वेगळी. मुखवटा बदला, कोट बदला, भाषण बदला. चकत्या त्याच, तर चालही तीच.

“मग चल, सांगू या!” टोळ म्हणाला.

मावशी पुन्हा खाली बसली. “कोणाला? मॅनेजरला? त्याला माहीत नाही होय? आणि बाकीचे चोराचं कशाला ऐकतील?”

“मग त्यांना ऐकवायचं नाही, दाखवायचं!” शंका म्हणाली. “मावशी, कंदीलबाईंचा जुना आवाज कुठे आहे?”

मावशीने कपाट उघडलं. आतून एक कॅसेट काढून दिली. “हे तुम्ही करताय. मी झोपलेय,” ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. झोपली मात्र नाही.

दुपारी बागेचे अध्यक्ष पाहणीला आले. सोबत मंडळाचे सभासद. पुढच्या रांगेत सगळे बसले. आवाजाच्या खोलीत मॅनेजरसाहेब स्वतःच होते, कारण ते काम करणाऱ्या माणसाला दालन अद्ययावत होताना कामावरून कमी केलं होतं.

दारावर धाडधाड थापा पडल्या. “साहेब! साहेब! मिशीवाल्यांची मिशी निघाली!” टोळ धापा टाकत होता.

“निघाली म्हणजे?”

“एका बाजूने लोंबतेय! अध्यक्ष तिकडेच बघतायत!”

मॅनेजरसाहेब धावले. मिशी खरंच लोंबत होती. टोळ कामात चोख होता. मॅनेजरसाहेब शिडीवर चढून मिशी दाबून धरतात न धरतात, तोच दिवे मालवले आणि खेळ सुरू झाला. शिडीवरून उतरायचीही सोय राहिली नाही. ते मिशीवाल्यांच्या मांडीवर बसून राहिले.

आवाजाच्या खोलीत शंकाने कॅसेट बदलली.

नवे साहेब उठले. डावा हात वर गेला. आणि त्या रुबाबदार तोंडातून एका बाईचा थकलेला आवाज आला.

“धरणाला भेग पडली आहे, हे मला सांगितलं होतं.”

तोंड शब्दाशब्दाला बरोबर हलत होतं. सभासदांची कुजबुज थांबली.

“मी ऐकलं नाही. चूक माझी.”

उजवा हात छातीवर आला. मान खाली गेली. एक म्हातारे सभासद उठून उभे राहिले, का ते बहुधा त्यांनाही कळलं नसावं. शेवटी मान वर आली आणि साहेब बसले.

“हे काय आहे?” अध्यक्षांनी विचारलं.

“हीच ती चोरी!” शंका आवाजाच्या खोलीतून धावत आली. “कोट उघडून बघा! डाव्या हाताचा मोजा काढा!”

मोजा काढला. बोटं कंदिलाची कडी धरण्यासाठी वळलेली होती.

मिशीवाल्यांच्या मांडीवरून मॅनेजरसाहेबांनी कबुली दिली. नवा सांगाडा वेळेत आलाच नाही. आमंत्रणं गेली होती. म्हणून सजावटवाल्याला सांगितलं, जुन्यातला एक घे, दिसायला नवा कर. “आणि बाई कुठे गेल्या असं कोणी विचारलंच असतं, तर काहीतरी उत्तर नको का!”

“ते उत्तर म्हणजे आमची मावशी?” शंका म्हणाली. तिला रडू येत होतं आणि तिला ते मुळीच नको होतं.

मावशीला बोलावणं गेलं. अध्यक्ष सगळ्यांसमोर म्हणाले, “बाई, तुम्ही चोर नाही. चोरी झालेलीच नाही! हा तर पुनर्वापर आहे. उत्तम कल्पना!” मॅनेजरसाहेबांनी मांडीवरूनच मान लववली. “फक्त एक करा. साहेबांनी असं खाली बघितलेलं चालायचं नाही. नव्या चकत्या कापायला वेळ नाही, तेव्हा मानेचा आणि छातीवरच्या हाताचा उंचवटा घासून टाका. संध्याकाळपर्यंत होईल ना? नोकरी तुमचीच आहे.”

“पण कंदीलबाईंना परत बसवा ना!” टोळ ओरडला.

“खुर्ची कुठाय, बाळ?” अध्यक्षांनी प्रेमाने विचारलं.

दुरुस्तीखोलीत मावशीने चकती पकडीत धरली आणि कानस उचलली.

“मावशी, नाही म्हण ना!” शंका म्हणाली.

“नाही म्हणायला मागे कोणीतरी उभं लागतं, राणी. माझ्यामागे तुम्ही तिघं आहात. तुमची शाळा पुढच्या आठवड्यात सुरू होते, फी भरायची आहे.” तिने कानस टेकवली. “आणि दुसऱ्या कोणाला दिली, तर तो मेला सगळीच कड खराब करेल.”

पत्र्याचा बारीक चुरा टेबलावर पडू लागला. टोळ बाहेर निघून गेला. शंका उभी राहिली, कारण कोणीतरी उभं राहायला हवं होतं. मावशीने काम नेहमीसारखंच केलं. कड बोटाने तपासली, पुन्हा घासली, पुन्हा तपासली. डोळे पुसायला मात्र ती एकदाही थांबली नाही, आणि त्यामुळे ते शेवटपर्यंत वाहत राहिले.

दुसऱ्या दिवशी उद्घाटन थाटात झालं. नवे साहेब उठले, डावा हात उंचावून गरजले, इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि ताठ मानेने बसले. टाळ्या!

मग अध्यक्षांनी तिन्ही मुलांना मंचावर बोलावलं. “या चौकस मुलांनी एका निरपराध बाईवरचा आळ दूर केला! आमच्या दालनातून मुलं काय शिकतात, ते बघा! शाबास!” मॅनेजरसाहेबांनी त्यांना आकाशपाळण्याचे पास दिले आणि टोळच्या पाठीवर जरा जोरातच थाप मारली. मावशी दाराशी उभी होती. आज तिला आत यायची परवानगी होती.

“बोला, बाळांनो, काही सांगायचंय?” अध्यक्षांनी माईक पुढे केला.

शंकाने नकारार्थी मान हलवली. टोळने खाली बघितलं. माईक खारूताईपर्यंत वाकला.

“कंदीलबाई आता कुठे आहेत?” तिने विचारलं.

“वा! वा!” अध्यक्षांचा चेहरा खुलला. “काय सुरेख प्रश्न! असेच प्रश्न विचारत राहा!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. खारूताई टाळ्या थांबण्याची वाट बघत उभी राहिली.