चौथा सेन्सर

कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडरची नोकरी म्हणजे दिवसभर शिव्या खायची नोकरी, आणि कमलाकर ती सव्वीस वर्षं इमानेइतबारे करत होता. चिमूटभर कापूस दोन अंगठ्यांत धरून ओढायचा, धागा किती निघतो ते पाहायचं आणि प्रत सांगून मोकळं व्हायचं. दोन हजार पाचच्या त्या हिवाळ्यात भाव पडलेला, उमरखेडच्या केंद्रावर कापसानं भरलेल्या बैलबंड्यांची रांग फाटकाबाहेर मैलभर गेलेली, जो तो ग्रेडरवर खार खाऊन. तेही त्यानं सोसलं असतं. त्याच्या डोक्याचा भुगा केला तो त्याच्याच गाडीतल्या चोर-अलार्मच्या भोंग्यानं.

गाडी जुनी, पण हौसेनं घेतलेली, आणि घेतली होती लेकीसाठी. आभा फुलसावंगीला सासरी होती, सातवा महिना लागला होता. आधीचं एक बाळ गेलं होतं, त्यामुळे डॉक्टरनं एसटीचे हादरे साफ मना केले होते. शनिवारी तिला बाळंतपणाला माहेरी आणायचं ठरलं होतं. आणि ही गाडी केंद्राच्या आवारात, कडुलिंबाच्या सावलीत, रोज दुपारी साडेतीनच्या सुमारास कोणी बोटही न लावता बोंबलायची. बैल बुजायचे, बंड्या आडव्या व्हायच्या, केंद्रप्रमुख तणतणत बाहेर यायचा.

"असल्या गाडीत मी पोरीला बसू देणार नाही," त्याच्या बायकोनं, सुनीतीनं बजावलं. "वाटेत दचकली अन् काही झालं म्हणजे? आधी तो भोंगा बंद करा, मग जा फुलसावंगीला."

बसस्टँडमागं अब्रारचं दुकान होतं. पूर्वी तो टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचा, आता गाड्यांना अलार्म बसवायचा. माणूस सरळ, बोलणं कमी.

"सादा अलार्म नुसता बोंबलते, साहेब. काहून बोंबलते थे सांगत नाही," तो म्हणाला. "त्याले वरून वेगळे सेन्सर जोडू. एकेकाले एकेक दिवा देतो पुढं. जो पेटला, त्याचं काम."

कमलाकरला हे पटलं. कारण सापडलं की इलाज सापडतो, अशी त्याची साधी समजूत होती.

पहिला सेन्सर धक्क्याचा, त्याला लाल दिवा. सोमवारी साडेतीनला भोंगा वाजला आणि लाल दिवा थंडच राहिला. म्हणजे कोणी धक्का मारला नव्हता. मंगळवारी दुसरा बसवला, गाडी कलली तर सांगणारा. साडेतीनला पिवळा दिवा पेटला. कमलाकरनं चारही चाकांची हवा मोजून घेतली, दगड लावून पाहिले, जमीन पाहिली. सगळं ठीक होतं. बुधवारी तिसरा, गाडीच्या आतली हालचाल टिपणारा. त्याचा हिरवा दिवा पिवळ्यापाठोपाठ पेटला. काचा बंद, दारं बंद, किल्ली कमलाकरच्या खिशात.

"उंदीर असेल," तो चिडून म्हणाला.

"उंदरानं गाडी कलते का, साहेब?" अब्रारनं हळूच विचारलं.

कमलाकर असा वैतागला की त्या दिवशी त्यानं दोन बंड्यांना उगाच खालची प्रत लावली. वाईट वाटलं, पण शब्द परत घेतला नाही.

गुरुवारी सकाळी गाडी लावताना रांगेतला लखीराम बंडीवरून उतरून जवळ आला. दहा-बारा दिवसांपासून तो तिथंच मुक्कामाला होता.

"साहेब, राग नका मानू. तुमी गाडी लावता, तिथं नंबर होता कोनाचा तरी."

केंद्रावरची ही रीत कमलाकरला ठाऊक होती. घरी जाऊन यायचं असलं की माणूस आपल्या जागी गोटा ठेवून जातो. गोटा आहे तोवर जागा त्याची. रांग पुढं सरकली की मागचा माणूस गोटाही पुढं सरकवतो, पण ओलांडून कोणी जात नाही. पहिल्या दिवशी सावली पाहून गाडी लावताना त्यानं पायानं एक गोटा बाजूला लोटला होता खरा. सुटलेला दगड समजून.

"कोणाचा नंबर?"

"कोनाले मालूम! मी आलो तवाच होता गोटा. मानूस काही दिसला नाही." लखीराम गाडीकडे पाहत राहिला. "जागा तर तुमी घेतली. आता थो कुठं बसंल?"

"काहीतरीच काय बोलता!" कमलाकर खेकसला. पण लखीराम वळताच तो आवारात गोटा शोधू लागला. आवारभर गोटेच गोटे. त्यातला एक उचलून त्यानं पूर्वीच्या जागी ठेवला आणि गाडी पार फाटकाजवळ नेऊन लावली. स्वतःची लाजही वाटली.

साडेतीनला भोंगा वाजला. फाटकाजवळ.

शुक्रवारी तो पुन्हा अब्रारकडे गेला. पेटीत आता एकच सेन्सर उरला होता, सीटखाली बसवायचा, वजन सांगणारा.

"हा नका लावू, साहेब," अब्रार म्हणाला. "चोर पकडाचा असंन तर तीन बस झाले. यानं फक्त कोनी बसलं का आन् कुठं बसलं, थे समजते. समजून काय करसान?"

"मला उद्या पोरीला आणायचं आहे. लाव."

अब्रारनं मागच्या सीटखाली सेन्सर बसवला आणि पांढरा दिवा जोडून दिला. पैसे घेताना तो कमलाकरच्या तोंडाकडे पाहत नव्हता.

साडेतीनला पाच मिनिटं कमी असताना कमलाकर गाडीजवळ जाऊन काचेला कपाळ टेकून उभा राहिला. ऊन कडक होतं. मागची सीट रिकामी होती.

गाडी डाव्या मागच्या चाकावर बोटभर दबली.

पिवळा.

हिरवा.

सीटच्या कव्हरला डावीकडे खळगा पडला, सावकाश, थकलेलं माणूस टेकतं तसा.

पांढरा.

मग भोंगा सुटला आणि बैल उधळले.

कमलाकर तसाच गाडी घेऊन बसस्टँडमागं गेला. आरशात त्यानं एकदाही पाहिलं नाही. "सगळं काढ," त्यानं अब्रारला सांगितलं. "भोंगा, सेन्सर, दिवे, वायरसुद्धा ठेवू नको." अब्रारनं सगळं काढलं. संध्याकाळी सुनीतीनं दार तीनदा आपटून पाहिलं, आवाज आला नाही तेव्हा तिचं समाधान झालं. तिनं लेकीसाठी मागच्या सीटवर दुपटं अंथरलं.

शनिवारी फुलसावंगीहून निघताना आभाच्या सासूनं ओटी भरली. आभा उजव्या दारानं मागं बसली. कमलाकरनं गाडी अगदी बैलगाडीच्या चालीनं हाकली. खड्डा दिसला की थांबायचा, मग हळूच उतरवायचा. तासभर आवाज नाही, काही नाही. त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं, तो चक्क गुणगुणू लागला.

मग त्यानं सहज आरशात पाहिलं. आभा उजव्या दाराला अगदी चिकटून बसली होती. कपड्यांची जड बॅग तिनं मांडीवरच घेतली होती, पोटावर दाबून.

"अगं, पोटावर कशाला ओझं? ठेव ना बाजूला सीटवर."

आभा पुढं वाकली आणि त्याच्या कानाशी, दुसऱ्या कोणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाली,

"बाबा, त्यांना आणखी किती सरकायला सांगू?"