ओली बोटं

त्या रविवारी सकाळी मी बुटांना पॉलिश केलं, चहा केला आणि सवयीने दोन कप मांडले. दुसरा परत कपाटात ठेवला. हे रोजचंच झालं होतं.

मी पाळक आहे. चर्चच्या मागे अंगण, अंगणापलीकडे चर्चने दिलेलं आमचं दोन खोल्यांचं घर. बायको उन्हाळा संपता संपता गेली. मूलबाळ नाही. तेव्हापासून मंडळीतले लोक माझ्याशी हळू आवाजात बोलतात, जणू मीच आजारी आहे.

आगमनकाळातला तो तिसरा रविवार. नाताळच्या आधी चार रविवार आम्ही वेदीपुढे हिरव्या डहाळ्यांचं कडं मांडतो आणि त्यात चार मेणबत्त्या बसवतो. दर रविवारी एक जास्त पेटवायची. पहिली आशेची, दुसरी शांतीची, तिसरी आनंदाची, चौथी प्रीतीची. हे सगळीकडेच असतं. आमच्याकडे रीत वेगळी ती विझवण्याची. शेवटचं गीत झालं की माझी बायको पुढे जायची, अंगठा आणि पहिलं बोट जिभेला लावायची आणि वात चिमटीत धरून विझवायची. फुंकर मारलेली तिला खपत नसे. "प्रार्थनेच्या ज्योतीवर थुंकता काय?" म्हणायची. धूर विरेपर्यंत कुणी जागचं उठायचं नाही. इतक्या वर्षांत त्या दोन बोटांची कातडी चामड्यासारखी झाली होती. अंगठ्याचं नख मधोमध दुभंगलेलं होतं. कधीतरी डब्याच्या पत्र्याने कापलं, ते तसंच वाढत राहिलं. तिने माझा हात धरला की ती भेग मला लागायची.

ती गेल्यावर कमिटीने ज्योतीवर ठेवायला लांब दांड्याची पितळी टोपी आणली. पहिल्या रविवारी गीत संपलं, मी टोपी घ्यायला वळलो, तेवढ्यात मेणबत्ती विझलेली. वारा असेल म्हटलं. दुसऱ्या रविवारी दोन्ही विझल्या, आणि या वेळी गीत चालू असतानाच. जवळ जाऊन पाहिलं. वाती चपट्या झालेल्या. मऊ मेणावर बोटाचा ओला ठसा.

मी ते कमिटीच्या चिटणिसांना सांगितलं. तिथेच चुकलं.

"साहेब, तुम्ही सुट्टी घ्या," ते म्हणाले. "आनंदावर बोलायला आपण बाहेरून कुणाला तरी बोलावू. तुमच्या तोंडी तो शब्द घालणं आम्हालाही बरं वाटत नाही."

"माझ्या तोंडाची काळजी तुम्ही करू नका. तिसरी मेणबत्ती मीच लावणार."

मला सुट्टीवर पाठवलं की घर रिकामं करावं लागणार, दुसरा पाळक येणार, हे मला ठाऊक होतं. आणि इथून मी गेलो तर तिला सापडणार कुठे?

म्हणून त्या सकाळी मी सगळी तयारी चोख केली. नव्या मेणबत्त्या घेतल्या, वाती तपासल्या. आमच्याकडे घंटा वाजवणारे एक म्हातारे गृहस्थ आहेत, त्यांना सगळे घंटाकाकाच म्हणतात. त्यांना विचारलं, "खिडक्या लावल्या?"

"लावल्या, फटींत कागद कोंबले. आता वाऱ्याला यायचं तर तिकीट काढून दारातूनच यावं लागेल."

उपासना सुरू झाली. मी तिन्ही मेणबत्त्या लावल्या आणि बोलायला उभा राहिलो. आनंद म्हणजे हसणं नव्हे, एवढं वाक्य झालं असेल. तिसरी विझली.

मी खाली उतरून ती पुन्हा लावली. पुन्हा विझली. मी परत लावली. आता तिन्ही गेल्या, एकीमागून एक, घाई नसलेल्या हाताने विझवाव्यात तशा. धुराच्या तीन रेघा सरळ वर गेल्या. वाऱ्याने विझल्या असत्या तर धूर वाकडा गेला असता.

कुणीही उठलं नाही. लहान मुलंसुद्धा धूर विरायची वाट बघत बसली. तिने लावलेली सवय होती ती. धूर विरला आणि उपासना संपल्यासारखे सगळे उठून बाहेर गेले. मी वेदीपुढे तोंड उघडं ठेवून उभा.

मागच्या खोलीत चिटणीस आले, दार लोटून घेतलं. "आता तरी ऐका."

"संध्याकाळच्या प्रार्थनेत तीच मेणबत्ती लावीन," मी म्हणालो. "शेवटपर्यंत जळली तर मी इथेच राहणार, आणि हा विषय पुन्हा काढायचा नाही."

"आणि विझली तर?"

"तर किल्ल्या तुमच्या."

दुपारी मेव्हणी डबा घेऊन आली. दोन गल्ल्यांपलीकडे राहते. तिच्या कानावर सगळं आधीच गेलं होतं.

"भाऊजी, ताई होती तेव्हा तुम्ही एक दिवस तिचं ऐकलं नाहीत. आता गेल्यावर तिच्या बोटांवर नाचताय?"

"तीच आहे म्हणतेस ना तूही?"

ती डब्याचं झाकण लावत राहिली. मग म्हणाली, "ताईने तुमचं बोलणं मधेच कधी तोडलं नव्हतं. घरी भांडायची, पण चर्चमध्ये नाही."

मी ते कानाआड केलं.

जेवून मी एका आजींकडे गेलो. त्यांना दिसत नाही, खाटेवरून उठताही येत नाही, म्हणून प्रभूभोजनाची भाकर आणि द्राक्षरस घरी नेऊन द्यावा लागतो. पूर्वी बायकोही बरोबर यायची; ती गेल्याचं त्यांना सांगायला माझी जीभ रेटलेली नाही. खोलीत औषधाचा आणि धुतलेल्या चादरींचा वास होता. मी स्टुलावर छोटी मेणबत्ती लावली. प्रार्थना सुरू करायच्या आतच ती विझली. आजींनी नाक वर केलं.

"विझवली वाटतं बाईंनी."

मी विचारलं, "कोणी, आजी?"

"पायऱ्यांवर दोघांची पावलं वाजली की. तुमची आणि मागे आणखी एक."

खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. कितीतरी महिन्यांनी झाला. मी त्यांना भाकर दिली, रस दिला, गुडघ्यांची चौकशी केली. निघताना त्यांनी माझी बाही पकडली.

"बाई आज गप्प का? पूर्वी उंबऱ्यातूनच बडबड सुरू व्हायची त्यांची."

परत येताना मी रस्ताभर मागे वळून पाहिलं नाही. मुद्दामच. यायचं त्याने यावं.

चर्च रिकामं होतं. पश्चिमेच्या खिडक्यांतून ऊन आत आलेलं, बाकांवर, फरशीवर पिवळे पट्टे पडलेले. घंटाकाका बाहेर अंगण झाडत होते, खराट्याचा आवाज येत होता. मी वेदीपुढे गेलो, तिसरी मेणबत्ती लावली आणि दोन्ही हातांची ओंजळ तिच्याभोवती धरली. ज्योतीकडे जायला माझ्या तळव्यांमधूनच वाट होती.

"ये," मी म्हणालो. "तुझा हात मला ओळखायचाय. तू असशील तर भांड माझ्याशी. मधेच विझवून पळू नकोस."

खराट्याचा आवाज थांबला.

उजव्या तळव्याला काहीतरी ओलं लागलं.

दोन बोटं. माझ्या बोटांमधून आत सरकत होती, सावकाश, ज्योतीकडे. दिसत काहीच नव्हतं. ऊन होतं, ज्योत होती, माझे हात होते.

मी मूठ आवळली. बोटं सापडली.

ती थंड होती, तळाशी पाणी साठलेल्या भांड्यासारखी. मी अंगठा चाचपला. नखावरून माझं बोट फिरवलं. एकदा. पुन्हा.

भेग नव्हती.

कातडी मऊ होती. कधी भांडी घासली नसावीत, कधी काही भाजलं नसावं, अशी. नख गुळगुळीत, अखंड.

ती नव्हती.

सोडून द्यावं असं मनात आलं. मग राग आला. इतके दिवस माझ्या बायकोची रीत चोरून, तिच्यासारखी चिमटी करून, हे कोण माझ्या वेदीवर आलं होतं? मला चर्चमधून काढायला?

"तू कोण ते मला कळायला नको," मी म्हणालो. "पण विझवू देणार नाही."

मी मूठ आणखी घट्ट केली.

तिकडूनही घट्ट झाली.

संध्याकाळी चिटणीस पहिल्या बाकावर बसले, ज्योतीवर नजर रोखून. मी डाव्या हाताने काडी ओढली. उजवा हात कोटाच्या खिशात होता. ज्योत हलली नाही. मी सकाळचं अर्धं राहिलेलं वाक्य पूर्ण केलं: आनंद म्हणजे हसणं नव्हे, आनंद म्हणजे जागा न सोडणं. गीत झालं. सगळे थांबले, विझवणार कोण म्हणून. मी डाव्या हाताची बोटं जिभेला लावली आणि वात चिमटली. चटका बसला, पण आवाज काढला नाही. धूर विरेपर्यंत कुणी उठलं नाही.

चिटणीस दारात म्हणाले, "किल्ल्या ठेवा तुमच्याकडेच."

मेव्हणीने विचारलं, "भाऊजी, हात का खिशात? थंडी वाजते?"

"हो," मी म्हणालो.

त्याला आता आठवडा होत आला. उद्या चौथा रविवार, प्रीतीची मेणबत्ती. तीही मी डाव्या हातानेच लावीन. उजवा मोकळा नाही. जेवताना, झोपताना, प्रार्थना करताना, त्याने सोडलेलं नाही, आणि मीही सोडलेलं नाही. सोडलं तर ते पुन्हा ज्योतीकडे जाईल.

एवढंच, की त्याचं एक बोट आताशा माझ्या अंगठ्याच्या नखावरून फिरत असतं. सावकाश, मधोमध, मी तेव्हा फिरवलं होतं तसं. काहीतरी शोधत असल्यासारखं.

आज सकाळी खिडकीशी जाऊन नख उजेडात धरलं. मधोमध एक बारीक रेघ उमटली आहे.