मागच्या सीटचा पट्टा

तशलीहमध्ये, म्हणजे मोडक्या गाड्यांच्या मैदानात, आम्ही गेलो ते फक्त एका पट्ट्यासाठी. आमची छोटी अमेरिकन गाडी स्वस्तात मिळाली होती. मिळाल्यावर कळलं, मागचा पट्टा तुटलाय आणि मॉडेलच बंद झालंय. सौदीतल्या या हफ्र अल बातिनमध्ये तिचे पार्ट कुठून कुठून पैदा करायचे ते रत्नागिरीचे गफूरभाई. त्या वर्षी पार्टच्या दुकानांत काउंटरवर सौदी माणूस सक्तीचा झाला आणि गफूरभाईंचं परतीचं तिकीट निघालं.

"वहिनी, नवा पट्टा नाही मिळायचा. तशलीहमधून आरसा आणा, दार आणा... पट्टा नका आणू."

"का?"

"आम्ही नाही आणत."

मी शिकलेली बाई. माझ्या पाच वर्षांच्या रेवाला बिनपट्ट्याचं बसवू? नवरा, अनुराग, म्हणाला, "तू म्हणशील तसं." हे वाक्य आलं की पुढची चूक माझी.

तिथे अगदी आमच्यासारखीच गाडी होती, पुढून चेपलेली. मागच्या रिकाम्या सीटवर पट्टा मात्र लावलेला. मैदानवाल्या अलीने तो सोडवून दिला आणि कितीतरी वेळ हात पँटला पुसत राहिला.

घरी डेटॉलच्या चार बादल्या झाल्या. पाणी तपकिरी, तेलकट. नासलेल्या दुधाचा, ओल्या केसांचा वास काही जाईना. तो माझ्या नखांत शिरला. भात कालवताना मळमळायचं. दिवस गेलेत की काय, म्हणून तीही तपासणी करून झाली. नव्हते.

पट्टा बसवला. चौथ्या दुपारी रेवाला शाळेतून आणलं, तो सोडवायला गेले तर हाताला बुळबुळीत लागला. लाळ. दोरे निघालेले.

"शी! रेवा, चावतेस हे?"

"नॉट मी, मम्मा. इट्स यक्की."

"मग कोण?"

ती दाराकडे सरकली. बसमध्ये जागा करून देतात, तशी.

इंजिन बंद होतं. बाहेर ऊन नुसतं उभं. आणि मागच्या सीटवरून आवाज येत होता... चोखल्याचा. सावकाश, तालात. रेवाने दोन्ही हातांनी नाकतोंड दाबून धरलं होतं.

रेवाला उतरवून मी पट्टा पूर्ण बाहेर ओढला. शेवटचा वीतभर भाग एरवी कधी बाहेर येतच नाही. तिथे पिवळी साय, तिच्यात केस... आणि इवल्या दातांच्या खुणा. पुढचे दोन दात नसलेल्या. रेवाचं तोंड उघडून मी मोजले. सगळे होते.

मी तिथेच ओकले. अनुरागने पट्टा कापून कचऱ्यात टाकला.

गफूरभाईंना फोन लावला. ते विमानतळावर होते.

"काढून टाकला, गफूरभाई."

मागे विमानांच्या घोषणा चालल्या होत्या.

"काढलात..." ते म्हणाले. "मग आता ते बसणार कुठे?"

रेवा आता शाळेच्या बसने जाते. गाडी विकायला काढलीय. बंद मॉडेल, कोण घेतंय? बाजारहाटापुरती मी एकटीच चालवते. काल उतरले तेव्हा कपड्यांवरून घातलेला काळा अबाया खांद्यापाशी ओला होता. मांडीवरचं मूल तोंड टेकवतं ना, तिथे. माझ्या पट्ट्याचेही दोरे निघालेत. मधली दोन दातांएवढी जागा तेवढी शाबूत आहे.