एक्स-रेचा दिवा

लाइट गेली होती आणि यायचं काही लक्षण नव्हतं. बिल्डिंगमधली पोरं उकाड्यानं वैतागून खाली उतरली आणि भंगारवाल्या काकांच्या दुकानासमोरच्या मोडक्या सोफ्यावर दाटीवाटीनं बसली. सोफा म्हणजे विकाऊ मालच होता. पण त्यावर कायम कोणीतरी बसलेलं असायचं, त्यामुळे गिऱ्हाइकाला तो दिसायचाच नाही. काका शटर अर्धं ओढून पायरीवर टेकले होते.

"काका, एक भुताची सांगा ना. पण खरी हां, मोबाईलवर फिरतात तसली नको," कानात इअरफोन घातलेली पोरगी म्हणाली.

"माझ्याकडे कुठली भुतं यायला?"

"का, भाव पटत नाही का त्यांना?" पोरांमधल्या जिमवाल्यानं विचारलं. "किलोवर घेता की नगावर?"

पोरं फिदीफिदी हसली. काकाही हसले, पोट हलवून हसले. मग हसता हसता मध्येच थांबले.

"तू जिथं बसलायस ना, तिथंच ताई बसायची," ते म्हणाले.

जिमवाला जरासा सरकला. म्हणजे मुद्दाम नाही, असाच.

तर ही ताई पलीकडच्या गल्लीतली. पोरं इथं राहायला यायच्या आधीची गोष्ट. ताईचा धंदा असा, की लोकांनी टाकून दिलेलं उचलायचं आणि त्यातून घर सजवायच्या वस्तू करायच्या. सायकलच्या रिमचं घड्याळ. जुन्या दाराच्या कड्यांचे हुक. मेलेल्या रेडिओच्या खोक्यात हिरवीगार झाडं. काकांच्या दुकानातून निघताना जे भंगार असायचं, त्यालाच तिच्या घरातून निघताना लोक 'पीस' म्हणायचे. काकांना याचा भारी राग यायचा आणि भारी अभिमानही वाटायचा.

घरी ती आणि तिची आई. आधी एक धाकटा भाऊही होता, ढोल्या. अंगावर मूठभर मांस नाही म्हणून नाव ढोल्या. छातीचं दुखणं होतं त्याला. एके दिवशी दवाखान्यात एक्स-रे काढायला गेला, तो त्या खोलीतून चालत बाहेर आलाच नाही. एक्स-रे मात्र नीट आला होता. मोठ्या खाकी पाकिटात घालून त्यांनी तो ताईच्या हातात दिला.

ताई रडली नाही. लोक म्हणाले, धक्का बसलाय, रडेल हळूहळू. महिने गेले. ती उठायची, काम करायची, जेवायची, झोपायची. काकांनी एकदा विचारलं, "ताई, बरी आहेस ना गं?" तर म्हणाली, "हो. का?" आणि खरंच तिला कळत नव्हतं, का विचारतायत ते. दात काढताना इंजेक्शन दिलेल्या गालाला चिमटा काढावा, तसं सगळं लांबून व्हायचं.

आईचं वेगळं होतं. आई रोज सकाळी कपाटावरचं ते पाकीट काढायची, फिल्म खिडकीच्या उजेडात धरायची आणि बघत उभी राहायची. तिला त्यातलं काडीचं कळत नव्हतं. पण पोराच्या आतलं दिसतंय, एवढं तिला पुरे होतं.

आणि नेमकी तेव्हाच ती ऑर्डर आली. एका नव्यानं घर घेतलेल्या जोडप्याला हॉलमध्ये टांगायला मोठ्ठा दिवा हवा होता, जुन्या एक्स-रे फिल्म गोल शिवून केलेला. हो, करतात लोक, शोधून बघा. आत बल्ब लावला की बरगड्या उजळतात. दिसायला झकास दिसतं. बुधवारी सकाळी न्यायला येणार होते. छातीचेच एक्स-रे हवेत, सगळे एकसारखे दिसले पाहिजेत, असं बजावून गेले होते.

मंगळवारी संध्याकाळी ताई काकांकडे आली. एक फिल्म कमी पडत होती.

काकांनी सगळी रद्दी उपसली. "गुडघा आहे बघ. एकदम स्वच्छ. चालेल?"

"नाही काका, छातीच हवी."

"अगं, मान आहे एक. मान म्हणजे छातीची शेजारीणच की."

ताई हसली. तोंडानं हसली, तेवढंच. "बघते घरीच काहीतरी," म्हणाली आणि निघाली. काकांना वाटलं, असेल हिच्याकडे एखादी जुनी पडलेली.

तिच्याकडे होतीच.

आई झोपल्यावर ताईनं कपाटावरचं पाकीट काढलं. चोरी करतोय असं काही वाटलं नाही तिला. तिचा हिशोब सरळ होता. दुकानातून आणलेल्यातली एक छातीची फिल्म जरा चरे पडलेली होती. ती पाकिटात ठेवायची आणि ढोल्याची दिव्याला लावायची. आईला काय कळणार? एक छाती दुसरीसारखीच दिसते.

टेबलफॅनच्या जाळीची कडी तिनं आधीच रंगवून ठेवली होती. ढोल्याची फिल्म घेतली. कोमट पाण्यानं पुसली. ती कायम नाव असलेला कोपरा कापून टाकायची, कुणाचं नाव लोकांच्या हॉलमध्ये कशाला, म्हणून. तसाच हाही कोपरा कापला. टोपलीत टाकला. मग खालच्या कडेनं ओळीत भोकं पाडली. फुप्फुसं इतकी खालपर्यंत पसरलेली होती, की काळ्या भागाला चिकटूनच भोकं पडली. नायलॉनचा दोरा ओवला. ओढला. गाठ मारली. हात एकदाही थांबला नाही.

दिवा तयार झाला. खोलीच्या मध्ये हुकाला टांगला, मोबाईलवर फोटो काढला आणि गिऱ्हाइकाला पाठवला. काकांनाही पाठवला, कारण जाळी त्यांची होती. तेव्हा एक वाजून वीस मिनिटं झाली होती. काकांना कसं माहीत? फोटोवर वेळ आहे ना.

मग तिनं ट्यूब बंद केली. नुसता दिवा बघायला.

भिंतींवर चहूकडे बरगड्या. पंखा चालू होता, त्या वाऱ्यानं दिवा हळूहळू फिरत होता आणि त्याच्याबरोबर बरगड्याही भिंतीवरून, कपाटावरून, दारावरून फिरत होत्या. तिनं पंखा बंद केला. दिवा थांबला.

ढोल्याची फिल्म बरोब्बर समोरच्या भिंतीवर आली होती.

ताईला जरा कोंडल्यासारखं झालं. खिडकी उघडीच होती. पण हवा आत येत नव्हती. बाहेरही जात नव्हती. पडदा होता तसा, मध्येच फुगून थांबलेला. खाली पडत नव्हता.

फ्रिजची घरघर बंद. रस्त्यावरची कुत्री गप्प. घड्याळ... तेही.

सगळं घर कशासाठी तरी थांबलं होतं.

आणि लाइट गेली.

"आत्ता गेलीये तशी?" इअरफोनवाली पोरगी पुटपुटली. इअरफोन कधीच हातात आले होते.

"तशीच," काका म्हणाले.

ट्यूब बंद, बल्ब विझला, रस्त्यावरचे दिवे गेले. काळाकुट्ट अंधार.

पण समोरच्या भिंतीवर बरगड्या दिसतच होत्या.

बाकीच्या भिंती काळ्या. फक्त ती एक छाती. पांढुरकी. ताई बघत राहिली. तिला भीती वाटली नाही. तिला गेले कित्येक महिने काहीच वाटत नव्हतं. तिनं फक्त बघितलं.

छातीला वर मान आली. हनुवटी वर उचललेली.

मग खांदे. पुढे काढलेले.

मग दोन कोपरं. हात कमरेवर ठेवलेले.

कोणीतरी भिंतीला छाती लावून, तिच्याकडे पाठ करून उभं होतं. एक्स-रे काढताना उभं करतात ना, तस्सं. हाडकुळी पाठ.

"ढोल्या?"

काही नाही. हलणंही नाही.

आता इथं एक गोष्ट तुम्हाला कळायला हवी, काका म्हणाले. ही दोघं भावंडं लहानपणी एक खेळ खेळायची. एकानं श्वास रोखायचा आणि दुसऱ्यानं 'सोड' म्हणेपर्यंत सोडायचा नाही. ताई लबाड, मुद्दाम उशीर करायची. हा लालबुंद व्हायचा, डोळे बाहेर यायचे, पण ती म्हणेपर्यंत सोडायचा नाही म्हणजे नाही. मोठा झाला तरी तसाच.

त्या दिवशी दवाखान्यात ती दाराबाहेर उभी होती, त्याचा शर्ट हातात घेऊन. आतून एक्स-रेवाल्याचा आवाज आला. श्वास घ्या. रोखा. खट्ट झालं. आणि लाइट गेली. एक्स-रेवाला बॅटरी शोधायला बाहेर धावला. गडबडीत 'सोडा' म्हणायचं राहून गेलं.

ताईला अंधारात हसू आलं होतं. तिला पक्कं ठाऊक होतं, हा येडा आत अजून रोखून उभा असणार. तिनं एक हाक मारली असती तर... पण तिनं म्हटलं, राहू दे जरा. गंमत.

मग आतून धप्प आवाज आला.

डॉक्टर म्हणाले, हृदय आधीच कमजोर होतं, श्वासाचा काही संबंध नाही. तसं असेलही. पण ताईनं हे कुणाला म्हणजे कुणालाच सांगितलं नव्हतं. आईलाही नाही.

आणि आता तो समोर उभा होता.

हनुवटी वर. हात कमरेवर.

अजून रोखून.

तिला तोंड उघडायचं होतं. उघडत नव्हतं. एक शब्द. पण तो म्हटला की हा जाणार. आणि नाही म्हटला, तर सकाळी लोक येणार, दिवा उचलणार... हा असाच, कुणाच्या तरी हॉलमध्ये, सोफ्याच्या वर... रोज रात्री बटण दाबलं की...

पडदा फुगलेलाच.

तिच्या स्वतःच्या छातीत कळ आली. तेव्हा तिला समजलं, की आपणही मघापासून श्वास घेतलेला नाही.

"सोड," ती म्हणाली.

आवाजच फुटला नाही.

"सोड रे..."

...

"ढोल्या, मी हरले. सोड."

आणि खोलीभर एक उसासा गेला. लांब. खूप लांब. पडदा खिडकीबाहेर फेकला गेला. टेबलावरचे फिल्मचे कपटे उडाले. दिवा गर्रकन फिरला. तिच्या मानेवरून काहीतरी कोमट गेलं.

मग भिंत काळी झाली.

फ्रिज सुरू झाला. लाइट आली. आई दारात उभी होती, केस विस्कटलेले.

"कोण आलं होतं गं?"

"कोणी नाही."

"मग एवढा मोठा उसासा कुणी टाकला?"

ताई जमिनीवर बसली होती. बोटांना मुंग्या आल्या होत्या. "आई, पाणी दे," एवढंच ती म्हणाली.

"मग रडली का ती?" पोरीनं विचारलं.

"ते मी नाही विचारलं," काका म्हणाले. "मला म्हणाली, काका, झोप आली हो. पाणी पिताना तिथंच झोप लागली."

सकाळी उठल्या उठल्या ताईनं कात्रीनं टाके उसवले, ढोल्याची फिल्म काढली आणि त्या जागी ती चरे पडलेली लावून दिवा देऊन टाकला. गिऱ्हाईक खूश. मग फिल्म आईच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं. कापलेला कोपरा, भोकं, रात्रीचं. दाराबाहेरचं हसूसुद्धा. आई नेहमीसारखी खिडकीशी गेली. फिल्म उजेडात धरली.

बराच वेळ बघत राहिली.

"हा त्याचा नाही," आई म्हणाली.

"आई, त्याचाच आहे. माझ्याच हातानं शिवलाय मी."

"मी रोज बघते. त्याचा भरलेला होता. हा रिकामा आहे."

ताईनं टोपली उलटी केली. ढोल्याच्या नावाचा कोपरा सापडला. फिल्मला लावून बघितला. रेघेला रेघ जुळली.

दोघी तशाच दवाखान्यात गेल्या. त्या दिवशीचाच एक्स-रेवाला होता. त्यानं फिल्म त्याच्या काचेच्या दिव्यावर लावली, नाव वाचलं आणि म्हणाला, "फुप्फुसं आखडलीयत हो. हा श्वास सोडल्यावर काढलेला आहे. असा मी काढत नाही. याला तर मी... रोखायला सांगितलं होतं."

काकांनी खिशातून मोबाईल काढला, बराच वेळ मागे मागे सरकवला आणि पोरांसमोर धरला. दिव्याचा फोटो. एक वाजून वीस. मधली फिल्म मोठी करून दाखवली. भरलेली छाती, खाली टाक्यांपर्यंत पसरलेली. दोरा काळ्याला चिकटून गेलेला.

"अरे, श्वास घ्या की रे पोरांनो," काका म्हणाले.

जिमवाला हसला. एकटाच.

"आणि... फिल्म?" पोरीनं विचारलं.

"त्यांच्याकडेच आहे, कपाटावर. मी बघितलीय." काकांनी मोबाईल बंद केला. अंधारात त्यांनी आपली चार बोटं आडवी जोडून धरलेली कशीबशी दिसत होती. "भोकं तीच आहेत, जिथल्या तिथं. पण छाती भोकांपासून एवढी वर गेलीय."