सोळा अंशांचा आळ

कोंबडीची पिल्लं मजेत चिवचिवत होती आणि भिंतीपलीकडच्या खोलीत कस्तुरीच्या रेशीमअळ्या गारठून निपचित पडल्या होत्या. इमारत एकच, वीज एकच, यंत्रंही एकाच कारखान्यातली. मग थंडी एकाच खोलीत कशी शिरली?

सन २०७१च्या डिसेंबरात हा साधा प्रश्न पिंपळदऱ्यातल्या एकाही मोठ्या माणसाला पडला नाही. त्यांच्याकडे उत्तर तयारच होतं.

"पोरीनं खिडकी उघडी टाकली असंल, दुसरं काय!" पालन समितीचे दिगंबरकाका म्हणाले.

बारा वर्षांची कस्तुरी रोज शाळेआधी गावाच्या पालनघरात (जिथे यंत्रांच्या देखरेखीखाली पिल्लं, अळ्या आणि अळंबी वाढतात) अळ्यांना तुतीचा पाला घालायची. चार-पाच दिवसांत त्या कोष विणायला लागणार होत्या. आता मात्र पाल्याला तोंडही लावत नव्हत्या. दिवसभरात ऊब मिळाली नाही, तर सगळ्या हातच्या जाणार होत्या. आणि काका काय करून आले, तर मुख्य फळ्यावर (जो गावकरीही वाचतात आणि यंत्रंही) ठळक अक्षरांत लिहून आले : 'उद्यापासून मुलांना पालनघरात प्रवेश बंद.'

"सगळ्या मुलांना?" कस्तुरी ओरडलीच. "आणि खिडकीला आतून कडी आहे. ती बघितली तरी का तुम्ही?"

"मोठ्यांपुढं आवाज चढवायचा नाही," काका म्हणाले आणि चालू लागले.

कस्तुरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खिडकी बंदच होती, पण चार पावलं चालून ती बघण्याची तसदी कोण घेणार? लहान माणसावर आळ घेणं फार सोपं असतं. ती तडक हेमलताआत्याकडे गेली. या यंत्रांची आज्ञावली (यंत्रांनी काय करायचं याच्या सूचना) आत्यानेच वीस वर्षांपूर्वी लिहिली होती.

आत्याने सगळं ऐकलं, चपला घातल्या आणि पालनघरात येऊन अळ्यांच्या यंत्रासमोर उभी राहिली. "रडायचं नंतर. आधी यालाच विचार, खोली किती गरम ठेवायची हे त्याला कोण सांगतं?"

यंत्र शांतपणे म्हणालं, "आधी मी माझी स्वतःची पाटी बघतो. ती कोरी आहे. मग माझ्या वर्गाची, म्हणजे रेशीमयंत्रांची पाटी. तीही कोरी. मग त्याच्या वरच्या वर्गाची. ती म्हणजे मुख्य फळा. तिथे सोळा अंश लिहिलंय, म्हणून मी सोळा ठेवलं."

"सोळा!" कस्तुरी किंचाळली. "अळ्यांना पंचवीस लागतं!"

"फळ्यावर मी पंचवीसच लिहिलं होतं," आत्या म्हणाली. "हे बघ, वर्ग म्हणजे एका नमुन्याच्या यंत्रांचं कूळ. सगळ्यांत वर पालनयंत्र. त्याचे तीन पोटवर्ग : रेशीमयंत्र, पिल्लूयंत्र, अळंबीयंत्र. एकेका यंत्रावर तीच ती माहिती कशाला लिहीत बसायची? वर एकदा लिहिली की खालच्या सगळ्यांना मिळते. याला म्हणायचं वारसा (वरच्या वर्गाकडून आपोआप मिळणारी माहिती). वरचा आकडा बदलला की खालीही बदलतो."

"मग पिल्लं का नाही गारठली?"

"मला काय विचारतेस? जा की पलीकडं!"

कस्तुरी पळत गेली. पिल्लूयंत्र म्हणालं, "माझ्या वर्गाच्या पाटीवर चौतीस लिहिलंय. उत्तर सापडलं की मी तिथंच थांबतो. वर जातच नाही."

ती धापा टाकत परतली. "खाली स्वतःचं लिहिलेलं असेल, तर वरचं कुणी विचारतच नाही!"

"बरोबर. हे अधिलेखन (वरून आलेली माहिती आपल्यापुरती बदलणं). वरचा आकडा पुसला जात नाही, शेजारच्यांना धक्काही लागत नाही."

आता प्रश्न उरला, वर सोळा लिहिलं कुणी? फळ्यावर प्रत्येक नोंदीखाली नाव असायचं. या नोंदीखाली होतं : दिगंबर, अळंबीसाठी.

काकांना बोलावणं गेलं. नाव वाचून त्यांचा चेहरा उतरला. "अळंबीला गारवा लागतो. आणि आपल्या गावची रीत आहे पोरी, काय ठरवायचं ते मोठ्या फळ्यावर, चारचौघांत. खालच्या पाटीवर लिहिलं की लोक म्हणतात, लपवून केलं." त्यांनी घाईघाईने खडू उचलला. "थांब, आत्ता वर पंचवीस करतो."

"थांबा!" कस्तुरीने त्यांचा हात धरला. "मग तुमची अळंबी उकडेल. आधी अळंबीयंत्रांच्या पाटीवर सोळा लिहा, मग वर पंचवीस करा."

काकांनी निमूटपणे तसं केलं. खोली हळूहळू उबदार झाली. दुपारी एका अळीने मान वर केली आणि पानाची कड कुरतडली. मग दुसरीने, मग कितीतरी जणींनी. कस्तुरीला आनंदाने रडू फुटलं.

"चला, झालं गेलं गंगेला मिळालं," काका म्हणाले.

"नाही मिळालं!" कस्तुरीने डोळे पुसले आणि प्रवेशबंदीच्या ओळीवर बोट ठेवलं. "तुमचा राग एका मुलीवर होता आणि लिहिलंत वरच्या फळ्यावर, सगळ्या मुलांना लागू होईल असं. पुन्हा तेच केलंत, काका! आणि त्या एका मुलीनंही काही केलं नव्हतं."

काकांनी ती ओळ पुसली. "झालं समाधान?"

"आळ सगळ्यांदेखत घेतलात. आता माफी कानात सांगू नका."

काकांनी पुन्हा खडू उचलला. मग त्यांनी सावकाश लिहिलं : 'कस्तुरीची चूक नव्हती. माझी होती. – दिगंबर.'

"हे बाकी योग्य जागी लिहिलंत," आत्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कस्तुरी पाल्याची टोपली घेऊन आली. पुढच्या हंगामात मधमाश्यांसाठी नवा पोटवर्ग करायचा आणि त्याची पाटी तिने लिहायची, असं आत्याशी ठरलं होतं. त्याच विचारात तिने दार ढकललं. पिल्लूयंत्र वळून म्हणालं, "कस्तुरीची चूक नव्हती." आतून अळंबीयंत्र म्हणालं, "कस्तुरीची चूक नव्हती." मग रेशीमयंत्रही तेच म्हणालं. कुणाच्याच पाटीवर ते लिहिलेलं नव्हतं, सगळ्यांना ते वरूनच मिळालं होतं.