पाटी नसलेली खोली

थोरलीच्या धाकट्या भावाची मुलगी शाळेत जायला लागली, त्या वर्षीची ही गोष्ट. उन्हं कलली होती आणि भावजय कपड्यांची पिशवी भरून दारात उभी होती.

"आज ते त्या बैठकीला जाऊन बसले, तर मी राहीन. नाहीतर पोरीला घेऊन माहेरी चालले, वन्सं! मग माझं तोंड दिसायचं नाही."

"अगं, जाईल तो... मी नेते ना त्याला..."

"तुम्ही नेणार? तुम्हीच तर बुडवलंत त्यांना! त्यांचा हात थरथरला की ब्रश तुम्ही उचलता. दुकानाची पाटी वेळेवर जाते, गिऱ्हाईक खूश... मग दारू सोडायचं अडलंय कुणाचं?"

थोरलीच्या काळजात चर्र झालं. वडिलांमागे तिनं या भावाला वाढवलं, स्वतःच्या संसाराचा विचारही मनात येऊ दिला नाही. दुकानांच्या पाट्या रंगवण्याचा बापाचा धंदा त्याला मिळावा म्हणून रंग घोटले. आणि त्याची अब्रू झाकता झाकता आपणच त्याच्या व्यसनाला खतपाणी घातलं...? तिनं चपला घातल्या आणि भावाला म्हणाली, "चल."

वाचनालयामागच्या गल्लीत दारू सोडणाऱ्यांची बैठक भरते, एवढंच दवाखान्यातल्या कंपाउंडरनं सांगितलं होतं. धाकट्यानं सकाळपासून घेतली नव्हती. कपाळावर घाम, ओठ कोरडे... चालता चालता तो भिंतीचा आधार घेत होता.

दोघांची नजर धंद्यात मुरलेली. गल्लीत शिरल्यापासून दोघं पाट्या वाचत सुटली. दातांचा दवाखाना, टायपिंगचा क्लास, घड्याळदुरुस्ती...

"ताई, ही अक्षरं बघ," तो खोल आवाजात म्हणाला, "माझ्यापेक्षा जास्त प्यायलीत."

तिला हसू आलं आणि त्याच हसण्यात रडूही दाटलं.

एका उघड्या दारातून मांडलेल्या खुर्च्या दिसल्या. दोघं आत जाऊन बसली. समोरचे गृहस्थ उठून म्हणाले, "टाकीचं पाणी तुमच्याकडे चढतं का? कितव्या मजल्यावर राहता?" भाडेकरूंची सभा होती ती!

बाहेर येताच धाकटा थांबला. कोपऱ्यावरच्या गुत्त्याचा निळा दिवा लागला होता.

"बैठक-बिठक काही नाही, ताई. पाटीच नाही कुठे. तू घरी जा... मी येतो मागून."

तो मागून येणार नाही, हे तिला ठाऊक होतं. घरी पिशवी भरलेली होती. तिनं त्याचा दंड घट्ट धरला आणि समोरच्या इस्त्रीच्या दुकानाकडे ओढत नेलं. नेमक्या तिथे शाळेच्या मोठ्या बाई कपडे न्यायला आल्या होत्या. शाळेची नवी पाटी याच बहीणभावाकडे रंगवायला दिली होती त्यांनी! त्यांच्यासमोर विचारलं तर ते काम हातचं जाणार होतं. पण आता माघार नव्हती.

"दारू सोडणाऱ्यांची बैठक इथे कुठे भरते हो?"

इस्त्री थांबली. बाईंनी वळून पाहिलं. "अगंबाई! कुणासाठी?"

धाकट्यानं मान खाली घातली. थोरली ठाम स्वरात म्हणाली, "माझ्यासाठी. मी पिते."

"तुम्ही?" बाई दोन पावलं मागे सरल्या. बाकड्यावरचा एक जण फिसकन हसला, "घ्या! आता बायकासुद्धा!"

धाकट्यानं हिसका देऊन दंड सोडवून घेतला. पावलं दूर चालली... कोपऱ्याकडे... थोरलीनं डोळे मिटले. संपलं सगळं!

"ए, हसतोस कुणाला?"

तिनं डोळे उघडले. तो परत वळून दुकानाच्या पायरीवर उभा होता. रडत होता.

"खोटं बोलतेय ती! थेंब शिवलेला नाही तिला. पिणारा मी आहे. बाई, पाट्यांवरची चांगली अक्षरं तिची, वेडीवाकडी माझी... ताई, माझ्यासाठी आता आणखी किती घाण अंगावर घेशील गं!"

इस्त्रीवाल्यानं इस्त्री उभी ठेवली, खटका बंद केला. "पाटी शोधत फिरलात ना? आम्ही लावतच नाही. येणाऱ्याचा बोभाटा नको म्हणून. वरच्या मजल्यावर, जिना मागून आहे. चला पेंटर, मीही तिथेच निघालोय."

ती जिन्यात बसून राहिली. दाराआडून भावाचा आवाज येत होता, अडखळत, पण त्याचा स्वतःचा.

घरी पोचेपर्यंत बातमी पुढे गेली होती. भावजयीनं थोरलीचे दोन्ही हात धरले. "वन्सं, तुम्ही चारचौघांत स्वतःवर..." तिनं दारातली पिशवी पायानं आत सरकवली.

"तू म्हणालीस ते खरं होतं," थोरली म्हणाली. "शाळेची पाटी आता त्याची तोच करील. राहिली तर राहू दे."

पाटी रखडली. शाळेनं दुसऱ्याला दिली. थोरलीनं ब्रश उचलला नाही, आणि त्या रात्री तिच्याइतकं कुणी रडलं नसेल. धाकटा मध्ये एकदा घसरला, पण आपल्या पायांनी पुन्हा तो जिना चढला.

भाचीच्या लग्नाच्या आदल्या हिवाळ्यात, पहाटे, थोरली वारली. भाऊ उशाशी होता, शुद्धीत होता.